दोन थेंब रोज: बुऱ्हाणपूरहून शाफ्टवाली गाडी आणताना

ताईचा फोन आला तेव्हा मी नाशिकच्या घरी गॅलरीत बसून ब्लॉगसाठी कोकणातल्या एका रिसॉर्टची मनापासून निंदा लिहीत होतो. ती म्हणाली, "शिऱ्या, तुझ्या दाजींची गाडी घेऊन जा. मी पोरीकडे इंदूरला चाललेय, घर भाड्यानं देते. पण एक ऐक. चालवत ने. टेम्पोत आडवी टाकून नेऊ नकोस. ते आडवे गेले या दारातून. गाडी तरी उभी जाऊ दे."

निंदा अर्धी सोडून मी तिकीट काढलं.

दाजींची गाडी म्हणजे जुनी, परदेशी आणि बिनचेनची मोटारसायकल. इंजिनाची ताकद एका दांड्यातून, म्हणजे शाफ्टमधून, मागच्या चाकाशी असलेल्या दातेरी चाकांच्या डब्यात जाते. त्या डब्याला फायनल ड्राइव्ह म्हणतात. त्याचं तेल वेगळं, गिअरबॉक्सचं वेगळं, इंजिनचं आणखी वेगळं. तीन तेलांचे तीन रुसवे सांभाळायचे.

कोणतं तेल घालावं हे मी निघण्याआधी इंटरनेटवर शोधलं आणि पस्तावलो. तेलावरून माणसं जेवढी भांडतात तेवढी वडिलोपार्जित जमिनीवरून भांडत नसतील. त्या चिखलातून हाती लागलं ते एवढं: फायनल ड्राइव्हमध्ये दात एकमेकांवर घासत फिरतात, तिथे जीएल-५ दर्जाचं जाड तेल हवं. गिअरबॉक्समध्ये पितळी भाग असतील तर तेच तेल त्यांना खाऊ शकतं, तिथे जीएल-४ बरं. आणि शेवटचा शब्द गाडीच्या पुस्तिकेचा, ग्रुपवरच्या काकांचा नाही. मी पुस्तिका मिळवली, दोन्ही तेलांचे डबे घेतले आणि रेल्वेत ते मांडीवर धरून बसलो. समोरच्या बाईंनी विचारलं, "शेंगदाण्याचं का?"

बुऱ्हाणपूरचं स्टेशन लालबागला, गाव तिथून लांब. रिक्षाचं भाडं बसण्याआधी ठरवा, बसल्यावर ठरवलं तर ते रिक्षावाला ठरवतो. मावा जिलबी खायची असेल तर सकाळी खा. मी दुपारी खाल्ली, आणि उरलेला दिवस पोटात दगड घेऊन फिरलो. एरवी स्टेशनवर दाजी यायचे आणि जिलबीच्या दुकानापर्यंत गाडीचा आवाज ऐकवत न्यायचे. या वेळी रस्त्यात फक्त लूमचा, म्हणजे यंत्रमागांचा, आवाज होता. खटखट, खटखट. या गावात तो बंद पडला की लोकांना जाग येते.

बुधवारा मोहल्ल्यात ताईचं घर. मागच्या शेडमध्ये दाजींचे लूम होते, ते विकून झालेत. रिकाम्या शेडच्या मधोमध गाडी, पुसून लखलखीत, बाजूच्या स्टँडवर कललेली. खाली तेलाचा काळा डाग, आणि मागचं चाक आतून ओलं.

"गळतेय की ताई."

"गळणारच. रोज घालते ना."

"काय घालतेस?"

"तेल. जाताना ते म्हणाले होते, गाडीला तेल कमी पडू देऊ नको. मी चुकवलं नाही. सकाळी आंघोळ झाली की पहिलं तेच." तिनं कोनाड्यातली कुप्पी दाखवली. लांब चोचीची, लूमला तेल द्यायची. "दोन्हीकडे. इथं गिअरला, तिथं चाकाला."

लूमवाल्या घरात सून आली की आधी ही कुप्पी हातात येते. लूम सुरू करण्याआधी प्रत्येक सांध्यावर दोन थेंब, रोज, न चुकता. एक दिवस चुकला की लूम करकरतो आणि सासरे त्याहून जास्त. ताईनं तीस वर्षं हेच केलं. तेल आत बंद करून हजारो किलोमीटर तसंच ठेवायचं, हे तिला कोणी सांगितलं असतं तरी तिनं त्याला आळशी म्हटलं असतं. लूमचं तेल पाण्यासारखं पातळ. महिनोन्‌महिने ते दाजींच्या जाड तेलात मिसळत राहिलं. कललेल्या गाडीत मापापेक्षा जास्त मावलं, आणि तेल अडवणारं रबरी सील फोडून ब्रेकवर उतरलं.

दाजींचा चुलतभाऊ वसंता शेजारीच राहतो. बॅटरी उतरू नये म्हणून तो दर रविवारी धूलकोटपर्यंत चक्कर मारायचा. म्हणजे त्या पातळ पाण्यावर गाडी पळतही होती. तो पाना घेऊनच आला.

"पाहुणे, एवढं टेन्शन कशाला लेता? नव्वद नंबरचं तेल टाकू दोन्हीमें. ट्रॅक्टर त्याच्यावर चालतो, ट्रक त्याच्यावर चालतो."

"ट्रॅक्टर तुझ्यावरही चालेल वसंता, म्हणून काय झोपशील त्याच्यापुढे?"

"लो! भाभी, तुमचा भाऊ अजून तसाच कडू आहे."

"कारलं आहे ते," ताई म्हणाली. मी आल्यापासून पहिल्यांदा ती हसली, तीही ओझरती.

फायनल ड्राइव्हचा खालचा बोल्ट उघडला. तेल धारेनं आलं, सरबतासारखं. बोल्टच्या टोकाला लोहचुंबक असतं. त्यावर चंदेरी चुरा होता, लग्नात भटजी अक्षता देतात तेवढा. वसंतानं पाना खाली ठेवला. दात झिजले की असा चुरा येतो, एवढं आम्हा दोघांनाही कळत होतं. ताई पलीकडे जुन्या फडक्यांच्या घड्या घालत होती. आम्ही ब्रेक धुतला, नवं सील बसवलं. गाडी सरळ उभी करून दोन डब्यांतलं दोन प्रकारचं तेल मापात भरलं. बरोबर तेल, बरोबर जागी. फक्त उशिरा.

सकाळी निघताना ताई म्हणाली, "शाहपूरपर्यंत मी मागं बसते. वसंता आणेल परत."

इच्छापूरचा रस्ता तसा बरा आहे, पण केळीचे ट्रक त्याला स्वतःचा समजतात. दोन्ही बाजूंना बागा, मधे आम्ही. मागून वसंता त्याच्या स्कूटरवर. पहिले काही किलोमीटर गाडी इतकी गोड चालली की मला देवाविषयी बरं लिहावंसं वाटू लागलं. मग मागच्या चाकातून बारीक गुणगुण आली. गुणगुण वाढून घरघर झाली. मी ऐकलंच नाही असं करून पुढे बघत राहिलो.

शाहपूर आलं आणि ताईनं खांद्यावर थाप मारली. "थांब. दाते गेले."

"अगं, नवीन तेल आहे, बसेल जागेवर."

"तीस वर्षं लूम ऐकलेत मी. थांब म्हणते ना."

उतरून ती चाकापाशी उभी राहिली. डबा हात लावता येणार नाही इतका तापला होता. तिनं तरी लावला आणि काढला.

"माझ्या तेलानं झालं का रे?"

पन्नास वर्षांत टोमण्याची हातची संधी सोडून मी कुणाला चांगलं बोललेलो नाही. या वेळी सोडली. म्हटलं, "सील जुनं होतं, ताई."

सील जुनं होतंच. त्या वाक्यात तेवढंच खरं.

रस्त्याकडेला मुंबईला निघालेला केळीचा ट्रक भरत होता, वसंतानं ड्रायव्हरशी बोलून घेतलं. नाशिक त्याच्या वाटेवरच. चौघांनी गाडी उचलली. ड्रायव्हर म्हणाला, "लिटा दो भैया, गिरेगी नहीं."

"आडवी नाही," ताई म्हणाली. "उभी बांधा."

"माताजी, जगह नहीं है."

"मग केळी उतरवा."

ड्रायव्हरनं माझ्याकडे बघितलं. मी आभाळाकडे. केळीचे घड हलले, खाली पानं अंथरली गेली, चारही बाजूंनी दोर आवळले. ताईनं प्रत्येक गाठ ओढून बघितली. ट्रक हलला तेव्हा गाडी घडांच्या वर मान काढून उभी होती. मी ड्रायव्हरशेजारी. वळणापर्यंत ताई रस्त्यावर दिसत होती, मग केळीच.

नाशिकला डबा उघडला. आतल्या चाकाचे दात धारदार झालेत, जीभ लावली तर कापेल असे. जुळणारा भाग मिळेल असं कोणी सांगत नाही. गाडी आमच्या पार्किंगमध्ये उभी आहे, सोसायटीचे सचिव रोज तिच्याकडे बघून खोकतात. तुमच्याकडे अशी गाडी असेल तर पुस्तिका वाचा, दोन्ही तेलं वेगळी ठेवा, आणि घरच्यांना सांगून ठेवा की काय करायचं नाही. दाजींचं नेमकं तेवढंच सांगायचं राहिलं.

ताई इंदूरहून रविवारी फोन करते. "तेल बघतोस ना?"

"बघतो."

तिला मोबाइलवरची बारीक अक्षरं लागत नाहीत. हा ब्लॉग दाजी तिला जेवताना वाचून दाखवायचे, माझी टवाळी करत. आता वाचून दाखवणारं कोणी नाही. म्हणून इथे खरं लिहिता आलं.