पिवळी टिकली

इंदूमावशी. नाव आधीच लिहून टाकतो, नाहीतर बाकी सगळं लिहून होईल आणि नाव तेवढं राहून जाईल. मला माझी सवय माहीत आहे. माझी पदवी, नोकरी, नावापुढे लागणारं 'सर', हे सगळं ज्या एका माणसामुळे झालं ती ही इंदूमावशी. आणि तिच्याशी मी जे केलं ते आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेलं नाही. बायकोला माहीत नाही. आईला तर नाहीच. मग तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. या कारणावरही माझा पुरता विश्वास नाही.

आमची वाडी पोलादपूरच्या वर, डोंगरात. दहावीनंतर शिकायचं तर महाडला यावं लागे आणि महाडात आमचं कोणी नव्हतं. इंदूमावशी आमच्या वाडीची माहेरवाशीण, आईची मैत्रीण. नवरा गेल्यावर एसटी स्टँडजवळचं त्याचं कोल्ड्रिंकचं दुकान ती चालवायची. मी पत्र्याची पेटी घेऊन दारात उभा राहिलो तेव्हा तिने पेटीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "आलास मास्तर?" मी अकरावीत जाणार होतो. पण त्या दिवसापासून मी तिचा मास्तर झालो. दुकानाच्या पोटमाळ्यावर राहिलो, तिच्या हातचं जेवलो, तिथूनच बारावी झालो, बी.ए. झालो. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिला. निकालाच्या दिवशी ती थंडा मागायला आलेल्या प्रत्येकाला सांगत होती, "आमचा मास्तर ग्रॅजवेट झाला, इंग्लिश वाचतो फाडफाड."

फाडफाड. ते ऐकताना मला किती बरं वाटायचं.

मुंबईला नोकरीला असलेल्या तिच्या भावाने तिच्या डोक्यात घातलं, की आता कोल्ड्रिंकवर भागणार नाही, व्हिडिओ गेम टाक. दोन कॉम्प्युटर आले. पडद्यावर ऊन येऊन चित्र दिसेना, म्हणून दाराला जाड कापडी पडदा लागला. शाळा सुटली की पोरं दप्तरासकट आत. बाहेरून फक्त गोळ्यांचे आवाज आणि पोरांची ओरड ऐकू यायची. भाजी घेऊन जाणाऱ्या बायका त्या पडद्याकडे बघत पुढे जायच्या — एकटी बाई, आत अंधार, आणि पोरं बाहेर येतात ती डोळे लाल करून. आत चालतं तरी काय?

खरं सांगू? त्या बायकांइतकाच संशय मावशीलाही होता. सिनेमाच्या पोस्टरवरचा 'ए' तिला माहीत होता. 'ए' म्हणजे पोरांनी बघायचं नाही. भावाने पाठवलेल्या सीडींच्या थप्पीत ती आधी तो 'ए' शोधत बसली. पण त्या सीडी नकली होत्या. कव्हरं झेरॉक्स काढलेली, शाई पसरलेली, बारीक अक्षर सगळं काळं झालेलं. कोपऱ्यातल्या चौकटीत एक मोठं तिरकं अक्षर तेवढं वाचता यायचं. कशावर 'ई', कशावर 'टी', कशावर 'एम'. 'ए' कुठेच नव्हता.

"मास्तर, ह्ये एम म्हंजे काय रे?"

मला माहीत नव्हतं. त्या क्षणी मी काय करायला हवं होतं ते पहिलीतलं पोरही सांगेल. पण मी कव्हर हातात घेतलं, उजेडाकडे धरलं, विचार केल्यासारखं केलं — आणि तिन्ही अक्षरं एकाएकी माझ्या डोक्यात इतकी नीट बसली की मलाच ती खरी वाटली. ई म्हणजे इझी. एम म्हणजे मीडियम. टी म्हणजे टफ. सोपा, मधला, अवघड.

मावशी खूश झाली. नवरा गेल्यापासून तिच्या पेटीत टिकल्यांची पाकिटं तशीच पडून होती. तिने ती काढली. मी अक्षर बघून सांगत गेलो आणि ती टिकली चिकटवत गेली. सोप्याला हिरवी, मधल्याला पिवळी, अवघडाला तांबडी. मग नियम झाला. तांबडी फक्त कॉलेजच्या पोरांना. लहानांना हिरवी, आणि हिरवीचा कंटाळा आला की पिवळी.

काही दिवसांनी ती पोटमाळ्याच्या शिडीशी येऊन म्हणाली, "मास्तर, ह्या पिवळ्यात रगत लय हाय रे. माणूस पडला तरी त्याला मारत्यात." हे मी विसरलो असतो तर बरं झालं असतं. मी पुस्तकातून मान वर न करता म्हणालो, "मावशी, तिकडे परदेशात तपासून शिक्का मारतात. मधला म्हणजे मधलाच." ती शिडीवरून गल्ल्याकडे परत गेली. तिचे डोळे बरोबर सांगत होते. माझ्या पदवीने ते खोटे पाडले.

इथवर अज्ञान होतं असं म्हणता येईल. म्हणून इथेच थांबावं असा मोह मला या कागदावरही होतोय.

बी.एड. झाल्यावर मला महाडच्याच एका शाळेत शिक्षणसेवक म्हणून घेतलं आणि मी भाड्याच्या खोलीत राहायला गेलो. दिवाळीच्या सुट्टीत मुंबईला मामाकडे गेलो होतो. तिथे एका मोठ्या दुकानाच्या काचेत तोच खेळ दिसला — अस्सल खोक्यात, रंगीत. कोपऱ्यात तोच एम, आणि त्याच्याभोवती अक्षरं, स्वच्छ. मॅच्युअर. सतरा वर्षांपुढील. शेजारच्या खोक्यावर टी होता. तो तेरा वर्षांपुढच्यांसाठी. म्हणजे आम्ही नेमकं उलटं केलं होतं. जो मोठ्यांचा तो दहा-बारा वर्षांच्या पोरांना दिला होता, आणि जो पोरांना चालला असता तो मोठ्यांसाठी राखून ठेवला होता.

परतीच्या एसटीत मी सांगायचं कसं ते ठरवत होतो. महाडला उतरलो तर मावशी दुकानाच्या पायरीवर बसलेली. "काय मास्तर, मुंबय बघून आलास?" मी म्हणालो, हो. तिने चहा दिला. मी तो प्यालो आणि खोलीवर गेलो. उद्या सांगू म्हणून. कितीतरी उद्या आले आणि गेले. पुढे पुढे मी स्टँडकडून जाणंच टाळू लागलो, आणि ती कधी समोरून आली की मला वाटायचं, हिला कळलंय. कळलं नसेल तर मग अशी का बघते?

मग मंगेशचं झालं. पाचवीतला मुलगा, आमच्याच शाळेचा, रोज मावशीच्या पडद्याआड असणारा. मधल्या सुट्टीत त्याने कवायतीची काठी घेऊन तिसरीतल्या एका मुलाच्या कपाळावर मारली. तो मुलगा पडला, तरी पुन्हा मारली. मुलगा वाचला, टाके पडले. खेळामुळेच झालं का? पोरं पूर्वी एकमेकांना मारत नव्हती का? यावर मी आजही चांगला वाद घालू शकतो. पण तो वाद माझ्या फार सोयीचा आहे, म्हणून मी तो घालत नाही.

शाळेच्या हॉलमध्ये पालकांची सभा भरली. मावशीलाही बोलावलं होतं. ती शेवटच्या बाकावर, पदर घट्ट धरून बसली होती. मंगेशचे वडील मुंबईहून आले होते आणि येताना तो खेळ अस्सल खोक्यात घेऊन आले होते. "तिकडं दुकानदार पोरांना ह्याला हात लावू देत नाय," ते म्हणाले. "ह्यांनी माझ्या पोराला रोज बसवला." कापडवाले शेठ उठून म्हणाले, "मी म्हणतो, खेळच आहे तर पडदा कशाला लागतो?" आमचे चित्रकलेचे सर मध्ये पडले. "अहो, लहानपणी मी दोघांची डोकी फोडलीत, तेव्हा कुठे होता कॉम्प्युटर?" त्यावर कोणीतरी म्हणालं, "म्हणूनच तुम्ही ड्रॉइंगचे झालात." हॉल जरा हसला. मीही हसलो.

हेडमास्तरांनी खोकं माझ्याकडे दिलं. "सर, तुमचं इंग्रजी चांगलं. वाचा काय लिहिलंय."

मी वाचलं. खणखणीत आवाजात. उच्चारही बरोबर केले. मग मराठीत अर्थ सांगितला, वर्गात सांगतो तसा. रक्तपात, सतरा वर्षांपुढील. हेडमास्तरांनी पिशवीतून मावशीच्या दुकानातलं झेरॉक्स कव्हर काढून वर धरलं.

"ही टिकली कसली?"

"खूण हाय," मागून मावशी म्हणाली. "पिवळी म्हंजे मधला."

"स्वतःला लावायच्या राहिल्या, त्या इथं लावल्या वाटतं," एक बाई शेजारणीला म्हणाली. हळू म्हणाली, पण सगळ्यांना ऐकू गेलं. काही जण हसले.

"मधला हे ठरवलं कोणी?" हेडमास्तरांनी विचारलं. मावशी काही बोलली नाही. मग ते माझ्याकडे वळले. त्यांच्या मनात काही नव्हतं, सहज विचारलं त्यांनी. "सर, तुम्ही तर तिथेच राहायचात. यांनी तुम्हाला कधी विचारलं नाही?"

आता सांगतो. मी म्हणालो, "नाही."

एवढंच. घसा खाकरला नाही, आवाज कापला नाही. नोकरी कायम व्हायची होती हे खरं, पण त्या क्षणी मला नोकरी आठवलीच नव्हती. 'इंग्लिश वाचतो फाडफाड' हे आठवलं होतं. तेवढं वाचवायला मी तिचा बळी दिला.

आणि मावशी उठून म्हणाली, "त्याला नका इचारू. त्यो अभ्यासात असायचा. टिकल्या मी लावल्या."

का म्हणाली? मला वाचवायला? की तिने विचारल्याचं मला आठवतंय का हे बघायला? की तिला खरंच आठवत नव्हतं? तुम्ही म्हणाल, सरळ माया होती ती. असेल. पण खोटं बोललेल्या माणसाला माया ओळखू येत नाही, तो तिच्यातही पुरावा शोधतो.

दुकान कोणी बंद केलं नाही. पोरांचं येणं थांबलं, मग कोल्ड्रिंकची गिऱ्हाइकंही थांबली. 'धंद्यासाठी पोरं बिघडवली' हे वाक्य भाजीवाल्यांपर्यंत गेलं. पावसाळ्याआधी ती वाडीवर माहेरच्या घरी निघून गेली. मी तिला पोलादपूरच्या गाडीत बसवायला गेलो होतो. तेही चार लोक बघतील म्हणून गेलो की न गेलो तर लोक विचारतील म्हणून, ते आज सांगता येत नाही. खिडकीतून ती एवढंच म्हणाली, "जेवत जा वेळेवर."

त्यानंतर दर उन्हाळ्यात पोलादपूरच्या गाडीच्या कंडक्टरबरोबर तिची पिशवी यायची. आमसुलं, फणसपोळी. मी आधी पिशवी उलटी करून झटकायचो. चिठ्ठी आहे का? एखादी टिकली आहे का? कधीच नव्हती. तर तेही मला खटकायचं — एवढी वर्षं पाठवते आणि एक शब्द लिहीत नाही, म्हणजे नक्की काय सांगायचंय हिला? बायको म्हणायची, फणसपोळी छान आहे, तुम्ही का खात नाही? मी म्हणायचो, दाताला चिकटते.

गेल्या महिन्यात सातवीच्या वर्गात एका मुलीने धड्याबाहेरचा इंग्रजी शब्द विचारला. माझ्या तोंडून कसं कोण जाणे निघून गेलं, "मला माहीत नाही गं. बघून उद्या सांगतो." ती "बरं सर" म्हणाली, बसली, आणि पेन्सिलीला टोक काढू लागली. झालं. कोणी हसलं नाही. कोणाच्या लक्षातही राहिलं नाही. मी तो शब्द फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवला.

त्याच दिवशी शाळा सुटल्यावर एक पत्र लिहिलं आणि पोलादपूरच्या गाडीच्या कंडक्टरकडे न देता पोस्टात टाकलं. त्यासारखंच दुसरं हेडमास्तरांना दिलं. मावशीचं पत्र असं होतं —

मावशी,

तू विचारलं होतंस, एम म्हणजे काय.

एम म्हणजे मोठ्या माणसांसाठी. सतरा वर्षांच्या आतल्यांना द्यायचा नाही असा. मधला नव्हे. मी तुला चुकीचं सांगितलं. मला माहीत नव्हतं, आणि माहीत नाही म्हणायला मला लाज वाटली.

पिवळ्यात रक्त फार आहे असं तू म्हणाली होतीस. तुझं बरोबर होतं.

पुढे मला खरा अर्थ कळला. मंगेशच्या भांडणाच्या कितीतरी आधी कळला. मी तुझ्या पायरीवर चहा पिऊन गेलो आणि सांगितलं नाही.

शाळेत मला विचारलं, यांनी तुम्हाला कधी विचारलं नाही? मी नाही म्हणालो. तू विचारलं होतंस. टिकल्या माझ्या सांगण्यावरून लागल्या. हेडमास्तरांना हेच लिहून दिलं आहे.

सुभाष