शकुनच्या चिमटीतली माती

शेंदूरजनाघाटच्या नत्थुजींच्या संत्र्याच्या वाईनला सुवर्णपदक मिळालं आणि गावाला हसायला कारण मिळालं. आता बोला! आयुष्यात थेंब न चाखलेल्या माणसाला दारूचं मेडल! पारावर लोक म्हणत, "नत्थुजी, तुमच्या मातीतच काईतरी हाय बाप्पा." नत्थुजी मान डोलवायचे आणि घरी येऊन एकट्यापुरती भाकर टाकायचे.

माती चांगली होती, खोटं कशाला बोला. पण ती ओळखायची त्यांची बायको, शकुन. हिवाळ्यात संत्र्याला ताण देतात, म्हणजे पाणी तोडतात. झाड तहानेनं कासावीस झालं की पाणी सोडायचं, मग ते फुलांनी लदबदतं. कधी सोडायचं ते शकुन ठरवायची. झाडाच्या बुडाची चिमूटभर माती जिभेवर ठेवायची, डोळे मिटायची, थुंकायची आणि म्हणायची, "सोडा आता." बागेतल्या टिनाच्या शेडमध्ये वाईन करायची ती पोरगी, पौर्णिमा, हंगामात अमरावतीहून येऊन. पण बागेत शब्द शकुनचा.

तीन वर्षांमागं ऐन ताणात शकुन अमरावतीच्या दवाखान्यात पडली. नत्थुजी तिच्या उशाशी बसले ते बसलेच. बाग तहानलेली राहिली. ती रोज विचारायची, "पाणी सोडलं काहो?" ते म्हणायचे, "सोडतो." एक दिवस तिची धाप पाहून त्यांना राहवलं नाही. म्हणाले, "सोडलं."

"मंग फुलतीन आता," ती म्हणाली. त्याच दुपारी गेली.

बेचाळीस वर्षांच्या संसारात नत्थुजी तिच्याशी एकदाच खोटं बोलले, आणि कबूल करायला ती उरलीच नाही.

तेरवी आटोपून पाणी सोडलं तेव्हा पंचवीस दिवस उशीर झाला होता. चाळीस झाडं वाळली. उरलेल्यांना लिंबाएवढी फळं धरली, पण चव अशी दाट, की पौर्णिमानं एक चाखलं आणि सगळी वाईनसाठी शेडमध्ये उतरवून घेतली. पदक मिळालं ते त्याच फळांच्या वाईनला.

यंदा ताण बसला तसा पौर्णिमाचा अमरावतीहून फोन आला. "बाबा, त्या वर्षीसारखाच पंचवीस दिवस जास्त ताण द्या. तशीच वाईन करू."

पोरीचं काही चुकत नव्हतं. नत्थुजी "बरं" म्हणाले, पण जीव तुटला. ती वाईन कोणत्या खोट्यापायी झाली होती, हे त्यांनी कोणालाच सांगितलं नव्हतं. सांगणार कोणाला? जिला सांगायचं तीच नाही.

शकुन ज्या सुमाराला पाणी सोडायला सांगायची, त्याच्यावर आणखी दहा दिवस त्यांनी कळ काढली. पानं वळली, गळू लागली. अकराव्या दिवशी सकाळी ते एका झाडाखाली बसले आणि शकुनसारखी चिमूटभर माती जिभेवर ठेवली. डोळे मिटले. काय कळणार डोंबल! नुसती कचकच लागली. ती त्यात काय ओळखायची, हे एवढ्या वर्षांत कधी विचारलंच नव्हतं. विचारायला पाहिजे होतं, राजेहो. तोंडात माती घेऊन म्हातारा हमसून हमसून रडला.

मग उठले आणि मोटर सुरू केली.

तेवढ्यात पौर्णिमाचा फोन. मोटरचा आवाज तिला ऐकू गेलाच. "बाबा! पाणी सोडलं काय? आजून पंधरा दिवस होते नं!"

पाणी झाडाच्या आळ्यात उतरत होतं. नत्थुजी तिकडंच पाहत म्हणाले, "सोडलं."

फोन कानाला तसाच होता, पण पुढचं ते पोरीशी बोलले नाहीत.

"सोडलं वं शकुन. आता खरंच सोडलं."