वक्त्या घरातच होत्या

प्रस्तावाच्या शेवटच्या रकान्यात मी बायकोला वक्ता करून टाकलं आणि तिला सांगायचं तेवढं राहून गेलं.

आजारपणात माणसाचं रोजचं जगणं कसं चाललंय, हे प्रश्नावलीनं मोजणाऱ्या आम्हा संशोधकांची एक संघटना आहे. तिनं ऑनलाइन शैक्षणिक कार्यक्रम सुचवायला सांगितले होते. साकोलीच्या कॉलेजात शिकवणाऱ्या माझ्यासारख्याला एवढं निमित्त पुरतं. विषयही झोकात दिला : 'खेड्यातल्या माणसाला त्याच्या दुखण्याबद्दल कसं विचारावं?' खाली लिहिलं, 'संधिवातासोबत जगणाऱ्या एक गृहिणी स्वतः बोलतील.'

समितीचा मेल आला, की निवडीआधी त्या बाईंशी बोलायचं आहे. बायको परातीत तांदूळ निवडत होती. मी मेल वाचून दाखवला.

"या बाई कोण?"

"तू."

तिनं एक खडा बाजूला टाकला. "अजी, कसं विचारावं ते जगाले शिकवून राहिले तुम्ही. मले विचारलं का?"

मी उठून चहा केला. साखर विसरलो. तिनं तो तसाच प्यायला, आणि मला जास्तच धास्ती वाटली. कार्यक्रम गेला तर जाऊ दे. पण तिचं दुखणं मी परस्पर चव्हाट्यावर मांडलं, हे तिला लागलं असेल तर? असे बरेच दिवस गेले. मग एकदा भाकरी थापता थापता म्हणाली, "बोलीन मी. पण तुम्ही मधात तोंड घालाचं नाही."

समितीच्या मॅडम पुण्याच्या होत्या. स्क्रीनवर आल्या आणि त्यांनी विचारलं, "कशी आहे तब्येत?"

"बरी आहो जी."

झालं! आमच्याकडे बाहेरच्यानं विचारलं की हेच उत्तर. नुकत्याच आलेल्या माणसापुढे दुखणं कोण वाढतं? पुन्हा आणि वेगळ्या तऱ्हेनं विचारावं लागतं, हाच तर माझा सगळा कार्यक्रम होता. आणि मला तोंड उघडायची बंदी. मी कॅमेऱ्याबाहेर हातवारे करत होतो. बायकोनं डोळे वटारले.

मॅडमनी प्रश्न बदलला. "आधी करत होतात आणि आता सुटलं, असं काही आहे का?"

बायकोचा हात गुडघ्यावर गेला. "रोवणी," ती म्हणाली.

लाखांदूरकडे तिचं माहेर. लग्नानंतरही दर पावसाळ्यात ती भावाच्या बांधीत धानाची रोपं लावायला, रोवणीला जायची.

"आता वाकता येत नाही जी. धुऱ्यावर, बांधीच्या काठाले बसते. भावजया चिखलात रोवत राहतेत, मी वरून गाणं म्हणते. तेवढंच माझं रोवणं."

माझ्या प्रश्नावलीत भांडी घासणं होतं, बाजारहाट होता. आणि मी समजत होतो, आता ही माहेरी नुसती आराम करायला जाते.

मॅडमनी ते लिहून घेतलं. मग त्यांनी त्या गाण्याची एक ओळ म्हणायला सांगितली. बायकोनं म्हटली. मी माझ्या घरात ते गाणं पहिल्यांदा ऐकलं.

प्रस्ताव मंजूर झाला. जुलैअखेरची तारीख मिळाली. मी उड्या मारतच स्वयंपाकघरात गेलो आणि तिला ती सांगितली.

"तवा रोवणी राहीन," बायको म्हणाली. "मी धुऱ्यावर असीन. तारीख बदलाले सांगा त्यायले. अन् या खेपेले मले विचारून घ्या."