घड्याळजींच्या दोन टोप्या

ताई आता हसत कबूल करतात, पण धाकट्या बहिणीच्या नवऱ्याला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्यांना वाटलं होतं, याला कंबरेचं दुखणं आहे आणि ते आपल्यापासून लपवलंय. माणूस टीव्हीसमोर गुडघे वाकवून अधांतरी बसलेला, एकदा डावीकडे कलतोय, एकदा उजवीकडे. ताईंनी पर्समधून चोळायचं तेलच काढलं.

"अगं, दुखत नाहीये त्यांचं," धाकटी म्हणाली. "स्कीइंगची शर्यत चाललीय. तेही उतरतायत."

हे भाऊजी घड्याळजी. घराच्या पुढच्या खोलीत दुकान. दिवसभर डोळ्याला भिंग, हातात चिमटा, तोंडातून शब्द नाही. हिवाळ्यातल्या रविवारी मात्र बर्फावरच्या शर्यती. त्यात उतरणाऱ्या दोन पोरी यांच्या लाडक्या. एक यांच्या जन्माच्या देशाची, दुसरी या देशाची, जिथे सव्वीस वर्षं संसार केला. शर्यतीला फेऱ्या दोन, दोन्हींच्या वेळेची बेरीज. पहिल्या फेरीला डोक्यावर आईने विणलेली तिकडची टोपी, दुसऱ्या फेरीला बायकोने विणलेली इथली. घरात हीटर चालू असला तरी.

गेल्या रविवारी ताईंना राहवलं नाही. "भाऊजी, दोन दगडांवर पाय ठेवू नये माणसाने. एक काय ती धरा."

"आई आणि बायको यांच्यात निवड करू म्हणता? तीही चहा पिता पिता?"

"मग आज निकालच लावू. जी पोर मागे पडेल, तिच्या देशाची टोपी माळ्यावर. कायमची. नाहीतरी खुंटी एकच आहे."

धाकटीच्या विणायच्या सुया थांबल्या. चालू असलेलं काही थांबलं की घड्याळजींना लगेच कळतं.

"चालेल," ते म्हणाले. "पण बरोबरी झाली तर दुसरी खुंटी तुम्ही ठोकायची."

"बरोबरी! शर्यतीत कधी बरोबरी होते होय?"

पहिल्या फेरीत जन्माच्या देशाची पुढे. दुसरीत इथली वाऱ्यासारखी आली. मग जन्माच्या देशाची आली, शेवटच्या वळणावर पडता पडता सावरली. घड्याळजी तिच्याबरोबर इतके कलले की स्टुलासकट आडवे झाले. ते उठेपर्यंत पडद्यावर आकडे लागले. पहिली आली कुठल्या तिसऱ्याच देशाची, तिच्याकडे या घरात कोणी पाहिलंही नाही. यांच्या दोघी अकराव्या. दोघींची वेळ शेवटच्या आकड्यापर्यंत तीच.

"घड्याळ खोटं आहे त्यांचं," ताई म्हणाल्या. या घरात असं बोलू नये. "सेकंदाचे हजार भाग करा, कोणीतरी मागे असेलच!"

"या शर्यतीत शंभरच करतात, ताई."

"आणि अकरावा हा काय नंबर झाला?"

"बरोबरीचा."

सुया परत सुरू झाल्या. धाकटी मान खाली घालून हसत होती. ताई दुकानातली हातोडी आणायला निघाल्या.

"ती नको, ती घड्याळांची आहे. मोठी जिन्याखाली."

ताई जिन्याखालून हातोडी घेऊन आल्या. "कुठे ठोकू?"

एकावर एक दोन्ही टोप्या घातलेल्या घड्याळजींनी डोळ्याला भिंग लावलं. "पहिलीच्या शेजारी, त्याच उंचीवर. हं, जरा वर. अजून जरा. ताई, वाकडा जातोय खिळा."

ताईंनी खिळा उपटला आणि पुन्हा ठोकला.