जिवंत माणसाचा वारस अर्ज

निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण एका अर्जाच्या तळाची बारीक ओळ मी अजून विसरलेलो नाही.

मी तेव्हा बदलापूरला होतो. बारवीकडच्या एका पाड्यावरचा माणूस सकाळीच पोलीस ठाण्यात आला. त्याचा धाकटा भाऊ दोन महिन्यांपूर्वी नदीवर मासे धरताना बुडाला होता. सोबत फक्त बायको होती. आम्ही अकस्मात मृत्यूची नोंद केली होती. शवविच्छेदनातही संशयास्पद काही निघालं नव्हतं.

त्याने टेबलावर एक झेरॉक्स ठेवली. भावजयीने तलाठ्याकडे दिलेला वारस नोंदीचा अर्ज. वरची तारीख मृत्यूनंतरची होती. तळाशी मात्र फाइलचं नाव छापलेलं होतं, ‘वारस अर्ज’, आणि पुढे मृत्यूच्या तीन महिने आधीची तारीख.

“साहेब, भाऊ जित्ता असताना हिनं हा कागद बनवला. मग तो बुडला का बुडवला?”

मलाही शंका आली. माणसं खोटं बोलतात, कागद बोलत नाही, असं आम्हा पोलिसांना वाटतं.

दुसऱ्या दिवशी तिला बोलावलं. वय जेमतेम तीस. महिला हवालदार शेजारी बसवून मी दोन तास चौकशी केली.

“हा अर्ज कधी केला?”

“त्याचे दिवस झाल्यावर. उल्हासनगरला.”

“खाली काय लिहिलंय?”

“मला वाचाय येत नाय, साहेब.”

मी तेच प्रश्न फिरवून फिरवून विचारले. खोटं बोलणारा दर वेळी हकीगत थोडी सजवतो. हिची उत्तरं एका शब्दाने बदलली नाहीत. मी नदीवरचं पुन्हा विचारलं, तेव्हा ती एवढंच म्हणाली, “मला पोहाय आलं असतं तं मी गेली असती ना पाण्यात.” हवालदार बाईंचं पेन थांबलं.

त्याच दुपारी उल्हासनगर गाठलं. टायपिंगचं दुकान एका वयस्कर सिंधी काकांचं होतं. त्यांना बाई आठवत होती. “बहुत रडत होती, साहेब.” मी तळाच्या ओळीवर बोट ठेवलं. “वो? वो तो अपने आप येतं. पुतण्याने लावून दिलंय. फाइलचं नाव नीचे दिसतं.”

काका एक जुना अर्ज उघडत, नाव-गाव बदलत आणि नव्या नावाने सेव्ह करत. दोन पंचांसमोर मी तसाच एक अर्ज करायला लावला. स्क्रीनच्या वरच्या पट्टीत फाइलचं नवं नाव आलं, पण प्रिंट निघाली तेव्हा तळाशी तेच जुनं नाव, तीच जुनी तारीख.

सायबर शाखेतल्या शिपायाला फोन लावला. तो म्हणाला, “सर, फुटरमधलं, म्हणजे पानाच्या तळपट्टीतलं फाइलचं नाव स्वतःहून अपडेट होत नाही. सगळा मजकूर सिलेक्ट केला तरी फुटर त्यात येत नाही. फुटरवर दोनदा क्लिक करा, नावावर कर्सर ठेवा, एफ नाइन दाबा.” काकांनी दाबलं. नाव क्षणात बदललं.

“अरे बाप रे! मग इतने महिने सगळे कागद ऐसेच गेले?”

काकांनी स्वतःसाठी कपाटात ठेवलेल्या स्थळप्रती काढल्या. वेगवेगळ्या गावांचे, वेगवेगळ्या माणसांचे अर्ज, आणि सगळ्यांखाली एकच ओळ. मूळ फाइल बेलवलीच्या एका गृहस्थांच्या अर्जाची निघाली. त्यांच्याकडे जाऊन तारीख पडताळली, जबाब घेतला. पंचनामा पूर्ण झाला.

त्या माणसाला आणि त्याच्या भावजयीला ठाण्यात बोलावलं. ती बाहेर बाकावर बसली होती. थोरल्या दिरासमोर मी त्या प्रती मांडल्या. तो जेमतेम वाचणारा. एकेका कागदाच्या तळाशी बोट ठेवत गेला. शेवटच्या कागदावर बोट तसंच राहिलं.

“मंग तो नुसताच बुडला?” त्याने विचारलं.

मी होकारार्थी मान हलवली. इतके दिवस त्याच्याजवळ निदान संताप तरी होता. आता तोही उरला नाही. तो बराच वेळ रडला, मग बाहेर जाऊन तिला म्हणाला, “चल पोरी, घरी जाऊ.”

त्यानंतर कुठलाही कागद पुरावा म्हणून समोर आला, की तो कसा बनला हे मी आधी विचारायचो. पण या प्रकरणातलं एक काम राहून गेलं. नवरा डोळ्यांदेखत बुडालेल्या बाईला मी दोन तास आरोपीसारखं बसवलं होतं. ती निघाली तेव्हा मी फक्त “जा आता” म्हणालो. माफी मागायला हवी होती.