अर्ध्या गोळीचे अकरा दिवस

लेखन हा माझा प्रांत नव्हे. कारखान्यातील अहवालांपलीकडे मी कधी लेखणी चालवली नाही. पन्नाशीत हे धाडस करतो आहे, त्याबद्दल वाचकांनी क्षमा करावी. मला झालेला आजार आणखी कोणाच्या वाट्याला आला, तर माझी चूक त्यांना टाळता यावी, एवढाच हेतू आहे.

१९७४ साली पुण्यातील एका रुग्णालयात डॉक्टरांनी माझ्या ईईजीची, म्हणजे मेंदूतील विद्युत्‌प्रवाहाच्या आलेखाची, लांब पट्टी पाहिली आणि सांगितले, "ही एपिलेप्सी आहे. आपण फेफरे म्हणतो ते." त्याआधी दापोडीच्या घरी मला दोन झटके आले होते, दोन्ही सकाळी, पत्नीसमोर. कंपनीत कोणालाच ठाऊक नव्हते.

मी चिंचवडच्या एका कारखान्यात पत्रा कापणाऱ्या पॉवर प्रेसचा सेटर, म्हणजे यंत्र जुळवून देणारा, होतो. हे कळल्यावर डॉक्टर म्हणाले, "मेंदूत काही पेशी चेतवतात, काही थोपवतात. या थोपवण्याला इन्हिबिशन म्हणतात. तुमच्या प्रेसचा ब्रेक ढिला पडला की काय होते?"

"पत्रा कापणारा वरचा पंच आपोआप पुन्हा खाली येतो."

"तसेच हे. ही गोळी ब्रेक घट्ट करते."

गोळी फिनोबार्बिटोनची होती. तिने दिवसभर सुस्ती येई. माझ्याबरोबर डाय, म्हणजे पंचाखालचा साचा, बसवणारा कांबळे एकदा म्हणाला, "साहेब, प्रेस चालू झाली. आता तुम्ही चालू व्हा."

प्रेसचा ब्रेक फार घट्ट झाला, तर आम्ही त्याचा बोल्ट अर्धा फेरा सैल करतो. त्याच सवयीने मी गोळी अर्धी केली. पत्नीलाही सांगितले नाही. सुस्ती गेली, आणि दहा दिवस मला वाटले, की माप बरोबर जुळले.

अकराव्या दिवशी डाय बसवताना कांबळेचा हात पंचाखाली होता आणि माझा बटणावर. पुढचे मला आठवत नाही. मी कोसळताना बटण दाबले गेले, असे नंतर कळले. पंच खाली आला आणि कांबळेने आधाराला ठेवलेल्या लाकडी ठोकळ्यावर अडला. आज घाई आहे, ठोकळा राहू दे, असे मी त्याला सांगितले होते. त्याने ऐकले नव्हते.

झटका ओळखूनही जमलेल्या लोकांना त्याने सांगितले, की साहेबांना उपासाने चक्कर आली. नंतर चहाच्या सुट्टीत तो माझ्याजवळ बसला.

"मी कुणाला बोलणार नाही, साहेब. पण उद्या हात घालू का नको, ते तुम्हीच सांगा."

त्याच दिवशी मी पुण्याला गेलो. डॉक्टर रागावले नाहीत. "गोळी एकदम कमी केली, की झटका उसळतो. कमी करायची तर मी करीन, हळूहळू. आणि यंत्रांपासून दूर राहा."

पत्नीने विनवले, की कंपनीत कळवू नका. मुलीचे लग्न व्हायचे आहे. पत्नीचे चुकले, असे मला आजही वाटत नाही. दुसऱ्या दिवशी मी मॅनेजरांना सर्व सांगितले. माझी बदली तपासणीच्या टेबलावर झाली. बातमी पसरून मुलीचे एक ठरत आलेले स्थळ मोडले. दुसरे जमायला तीन वर्षे लागली.

पूर्ण गोळी सुरू केल्यापासून झटका आलेला नाही. कांबळे अजून प्रेसवर आहे, दोन्ही हातांनिशी. त्याचे उपकार मी मानतो. मुलीने मात्र मला याविषयी कधी काही विचारले नाही.

माझ्या जागी आपण असता, तर कंपनीत सांगितले असते का?