आठ लिंबं आणि दोन म्हाताऱ्या गाड्या

आमच्या घरातून कोणती गाडी हाकलायची, हे ठरवायचं काम यंदाच्या दसऱ्याला आठ लिंबांकडे सोपवलं होतं.

हिंदी मुलखातल्या आमच्या शहरात, शंकर नगरच्या घराच्या पोर्चमध्ये दोन गाड्या एकामागे एक उभ्या असतात. पुढे माझ्या वडिलांची अँबेसेडर, मागे बायकोच्या, म्हणजे सुलभाच्या, वडिलांची फियाट. कोपऱ्यात माझी आरामखुर्ची. दोघांचेही वडील आता नाहीत, पण कोणाची गाडी भारी हे त्यांचं भांडण आम्ही इमानेइतबारे चालू ठेवलंय! त्यात मुलाने, निनादने, जाहीर केलं, "पापा, मेरी नई गाड़ी आ रही है. एक तो हटानी पड़ेगी." (पोट्ट्याला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र हिंदीत येतं.)

"अँबेसेडरमध्ये आठ माणसं बसतात," मी म्हणालो.

"हव, बसतात! अन् तात्यापारा मोहल्ल्याच्या गल्लीत वळवायची म्हटलं की आठही जण उतरून धक्का मारतात," सुलभा म्हणाली. "माझी फियाट पाहा, कशी सुळकन निघते!"

"त्यात माझे गुडघे हनुवटीले लागतात!"

"मग? गुडघे तुमचे आहेत न!"

खरं कारण मी कोणाला सांगितलं नव्हतं. लहानपणी नागपूरला जाताना मी अँबेसेडरच्या मागच्या सीटवर आडवा व्हायचो. काचेतून झाडांचे शेंडे वाहत जायचे. वाटायचं, आपण जागच्या जागी आहोत आणि झाडंच नागपूरला निघालीत. अजूनही रविवारी दुपारी मी त्या सीटवर पडतो, आणि पोर्चमधून न हलता बाबांबरोबर नागपूर गाठतो. गाडी विकली असती तर तो प्रवासही गेला असता.

शेवटी आई वैतागली. "किती भांडून राहिले रे! दसऱ्याले पूजा आहे न? जी गाडी लिंबं चिरडून पुढं जाईन, ती राहीन. दुसरी इकून टाका!"

दसऱ्याला गाड्या धुतल्या, झेंडूच्या माळा घातल्या, प्रत्येक चाकापुढे एक लिंबू ठेवलं. सुलभा फियाटमध्ये बसली, मी अँबेसेडरमध्ये. पहिली पाळी माझी. गाडी सुरू केली. झेंडूतून आलेलं पिवळं ऊन मांडीवर पडलं होतं. जुन्या रेक्झिनचा वास आला आणि डोळे आपोआप मिटले. बाबा गाडी काढताना नेहमी आधी मागे घ्यायचे. "मांगं पाह्य रे पोट्ट्या, कोणी नाही न?"

"कोणी नाही, बाबा," मी म्हणालो (मोठ्याने, असं सगळे सांगतात) आणि हाताने आपसूक रिव्हर्स टाकला.

धाड! मागे सुलभा होती!

"अहो, लिंबं पुढं आहेत!" ती किंचाळली.

"हा काहून मांगं चालला?" आरतीचं ताट सावरत आई म्हणाली.

माझी गाडी बंद पडली. चारही लिंबं ठणठणीत! घाबरून मी चावीच काढून घेतली.

"न्यूट्रल करा अन् गप बसा!" सुलभाने फियाट रेटली. फियाटने आपली चार लिंबं चिरडली, आणि तिच्या रेट्याने माझ्या गाडीनेही आपली चार चिरडत मोठ्या थाटात गेट गाठलं. मी नुसतं स्टिअरिंग धरून होतो.

खाली उतरून मी सुलभाला सगळं सांगितलं. बाबांचंही. ती वाकलेल्या बंपरवरून हात फिरवत राहिली. "माझे बाबाही माझ्यामांगंच बसलेले असतात," ती हळूच म्हणाली.

"फियाटमध्ये? अन् गुडघे?"

"हनुवटीले," ती म्हणाली. हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही.

आईने लिंबं मोजली. "आठ ठेवली, आठ चिरडली. दोन्ही पास. कोणतीच जाणार नाही."

"तो मेरी गाड़ी कहाँ रहेगी, आजी?"

आईने पोर्चभर नजर फिरवली. ती कोपऱ्यातल्या खुर्चीवर येऊन थांबली.

आता माझी आरामखुर्ची गेटबाहेर, कडुनिंबाखाली असते. सुलभाने तिला लिंबू-मिरची बांधली आहे आणि पायांमागे दोन विटा लावल्या आहेत. म्हणते, "तुमचा काय भरवसा? झोपेत हीसुद्धा मागे घ्याल!"